'चार्लीची मावशी' जर्मनीत: फार्स नेमका चालतो कसा?

१९५६ हे पश्चिम जर्मनीच्या सिनेमाधंद्याचं सोन्याचं वर्ष. त्या एका वर्षात तिथे ८१ कोटींहून जास्त तिकिटं खपली. पुढे घरोघरी टीव्ही आला आणि पश्चिम जर्मनीत तशी गर्दी पुन्हा कधी झाली नाही. त्याच वर्षी हाइन्त्स ऱ्यूमान हा पन्नाशी ओलांडलेला, ठेंगणा, सगळ्या देशाचा लाडका नट बाईचा झगा आणि विग चढवून पडद्यावर आला. सिनेमाचं नाव 'चार्लीस टांटे', म्हणजे चार्लीची मावशी. दिग्दर्शक हान्स क्वेस्ट.

गोष्ट मात्र जर्मन नव्हती. ब्रँडन थॉमस या इंग्रज नटाने लिहिलेलं 'चार्लीज आँट' हे नाटक २९ फेब्रुवारी १८९२ रोजी बरी सेंट एडमंड्स या गावात पहिल्यांदा झालं. त्याच वर्षी डिसेंबरात ते लंडनला आलं आणि सलग १४६६ प्रयोग चाललं. त्या काळात हा विक्रमच होता. आचार्य अत्र्यांनी याच नाटकावरून 'मोरूची मावशी' रचली, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला ही बाई चांगलीच ओळखीची आहे. फक्त जर्मनीत तिचं काय झालं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

चौसष्ट वर्षांपूर्वीचं नाटक, तेही ज्या देशाशी दोन महायुद्धं लढली त्या देशातलं. त्यावर जर्मन प्रेक्षक पोट धरून का हसला? याचं उत्तर हवं असेल तर फार्स आतून कसा बांधलेला असतो ते पाहावं लागतं. आपण 'फार्स' म्हणजे धांगडधिंगा, आरडाओरडा, पळापळ असं धरून चालतो. प्रत्यक्षात नाटकाच्या सगळ्या प्रकारांत सर्वांत काटेकोर बांधणी फार्सची असते. शोकांतिकेत एखादा प्रवेश दोन मिनिटं लांबला तरी खपतो. फार्समध्ये कुणी दोन सेकंद उशिरा विंगेतून बाहेर आलं, तर हशा गेलाच म्हणून समजा.

आधी मूळ गोष्ट. ऑक्सफर्डच्या एका काल्पनिक कॉलेजातले जॅक आणि चार्ली हे दोन विद्यार्थी. जॅकचं किटीवर प्रेम, चार्लीचं एमीवर. मुली लवकरच स्कॉटलंडला निघणार, तेव्हा काय ते मनातलं आत्ताच बोलायला हवं. पण व्हिक्टोरियन इंग्लंडात अविवाहित मुली तरुणांच्या खोलीवर एकट्या जेवायला जाऊ शकत नसत. सोबत कुणीतरी वडीलधारी बाई हवीच. नशिबाने चार्लीची मावशी, डोना लुसिया, ब्राझीलहून त्याच दिवशी यायची असते. श्रीमंत विधवा, चार्लीने तिला आजवर पाहिलेलंही नाही. मुलींना बोलावणं जातं. आणि मग तार येते: मावशी आज येत नाही.

इथे बॅब्ज येतो. हा जॅक-चार्लीचा मित्र, उमराव घराण्यातला. कॉलेजच्या हौशी नाटकात त्याला म्हातारीचं काम मिळालेलं, तो ते कपडे घालून दाखवत असतो. मुली दारात आलेल्या. दोघे मित्र त्याला पुढे ढकलतात: हीच माझी मावशी!

आता यातले भाग सुटे करून पाहू. पहिला भाग म्हणजे नियम: वडीलधाऱ्या बाईशिवाय मुली थांबणार नाहीत. दुसरा, वेळेची ओढ: जे व्हायचं ते आजच. तिसरा, खोटं: एकदा बोललं गेलं की मागे घेता येत नाही. चौथा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. प्रेक्षकाला पहिल्यापासून सगळं ठाऊक असतं. रहस्यकथेत लेखक प्रेक्षकापासून काहीतरी लपवतो. फार्समध्ये तो प्रेक्षकापासून काहीच लपवत नाही, पात्रांपासून लपवतो. म्हणून आपण 'आता काय होणार' या उत्सुकतेपेक्षा 'अरे बापरे, आता हा आत येणार' या धास्तीने हसतो.

खोटं एकदा उभं राहिलं की त्याला आणखी ओझी लावत जायची, हे लेखकाचं काम. थॉमस यांनी लावलेलं पहिलं ओझं म्हणजे जॅकचे वडील सर फ्रान्सिस. ते कर्जात बुडालेले, म्हणून जॅकच त्यांना सुचवतो की श्रीमंत विधवेला मागणी घाला. दुसरं ओझं स्पेटिग्यू. हा एमीचा काका आणि किटीचा पालक. पोरी परस्पर जेवायला गेल्या म्हणून तणतणत येतो, पण समोरची बाई ब्राझीलची कोट्यधीश आहे हे कळताच विरघळतो आणि मावशीच्या मागे लागतो. म्हणजे मुलींच्या सोबतीला म्हणून उभ्या केलेल्या मावशीलाच आता दोन म्हाताऱ्यांपासून जीव वाचवायचा आहे. तिसरं ओझं सगळ्यांत जड. खरी डोना लुसिया येते, हा प्रकार पाहते आणि स्वतःचं नाव न सांगता मजा बघत राहते.

नवा प्रेक्षक इथे हमखास विचारतो: कुणाला कळत कसं नाही? आवाज पुरुषी, चाल पुरुषी, मधूनच सिगार ओढायची हुक्की. स्पेटिग्यू आंधळा आहे का? माझ्या मते नाटकाची सगळी अक्कल या प्रश्नाच्या उत्तरात आहे. स्पेटिग्यू चेहरा पाहतच नाही, तो मालमत्ता पाहतो. कोट्यधीश विधवेला मिशा फुटल्या तरी त्याला त्या दिसणार नाहीत. वेशांतर यशस्वी होतं ते बॅब्जच्या अभिनयामुळे नव्हे, समोरच्याच्या हावेमुळे. आणि हे एकदा लक्षात आलं की ऱ्यूमानचा सिनेमा वेगळाच दिसायला लागतो.

कारण त्याच १९५६ साली ऱ्यूमानने आणखी एक वेशांतर केलं होतं. हेल्मुट कॉयट्नर दिग्दर्शित 'डेर हाउप्टमान फॉन क्योपेनिक', म्हणजे क्योपेनिकचा कॅप्टन. ही घटना खरी आहे. १९०६च्या ऑक्टोबरात विल्हेल्म फोग्ट नावाच्या, तुरुंगातून सुटलेल्या आणि कुठेच राहण्याची परवानगी न मिळणाऱ्या चांभाराने लष्करी कॅप्टनचा जुना गणवेश विकत घेतला. रस्त्यात भेटलेल्या सैनिकांना हुकूम दिले, त्यांना घेऊन बर्लिनजवळच्या क्योपेनिकच्या नगरपालिकेत शिरला, महापौराला अटक केली आणि तिजोरीतली रक्कम घेऊन चालता झाला. कागदपत्रं कुणी विचारली नाहीत. गणवेश पाहिला आणि टाचा जुळल्या. या सिनेमाला परभाषी चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं.

हे दोन सिनेमे एकाच वर्षी, एकाच नटाचे. एकात कपडे बघून लोक सलाम ठोकतात, दुसऱ्यात मागणी घालतात. समीक्षक पहिल्याला थोर म्हणतात आणि दुसऱ्याला करमणूक म्हणून बाजूला सारतात. मला हा भेद पटत नाही. चांभाराच्या गोष्टीत हुकूमाची सवय माणसाला आंधळं करते, मावशीच्या गोष्टीत पैसा. गणवेशापुढे टाचा जुळवण्याची किंमत मोजून जेमतेम अकरा वर्षं झालेल्या प्रेक्षकासमोर हे दोन्ही चाललं होतं.

आता कथेत केलेले बदल. ऱ्यूमान इतका प्रौढ की कॉलेजकुमार बॅब्ज त्याला शोभलाच नसता. म्हणून जर्मन सिनेमात तो आहे डॉ. ओटो डेर्नबुर्ग, परराष्ट्र सेवेतला प्रतिष्ठित अधिकारी. प्रेमात पडलेला राल्फ हा त्याचा धाकटा भाऊ (काम क्लाउस बीडरश्टेट यांचं) आणि चार्ली हा राल्फचा मित्र (काम वॉल्टर गिलर यांचं). वरवर बघता ही नुसती सोय वाटते, पण तिने सगळा तोल बदलतो. विद्यार्थ्याने झगा घातला तर ती पोरखेळातली मस्ती. पदाला, रुबाबाला जपणाऱ्या राजनैतिक अधिकाऱ्याने घातला, तर पकडलं जाण्याची किंमत एकदम वाढते. फार्समध्ये पात्राकडे गमावण्यासारखं जितकं जास्त, तितका हशा मोठा.

दुसरा बदल त्याहून हुशारीचा. मूळ नाटकात दोन वेगळ्या प्रेमकथा आहेत. सर फ्रान्सिस आणि खरी मावशी ही प्रौढांची एक. दुसरी बॅब्ज आणि खऱ्या मावशीसोबत आलेली पोरकी मुलगी एला यांची, आणि ती मला फार आवडते. एलाच्या आजारी वडिलांजवळ पैसे नाहीत हे पाहून बॅब्ज पूर्वी त्यांच्याशी पत्त्यांत मुद्दाम हरलेला असतो, मुलीच्या गाठीला काहीतरी राहावं म्हणून. आता हीच एला त्याला मावशी समजून त्याच्याजवळ मन मोकळं करते. ज्या वेशाची त्याला दिवसभर लाज वाटली, त्याच वेशामुळे तिच्या मनातलं त्याला ऐकायला मिळतं. हसता हसता घशात आवंढा यावा अशी ही जागा.

जर्मन सिनेमाने या दोन कथा एकत्र ओवल्या. ओटोचं प्रेम बसतं ते थेट खऱ्या मावशीवर, कार्लोटा रामिरेझवर. ज्या बाईचं सोंग घेतलं तिच्याच प्रेमात! बॅब्ज आणि सर फ्रान्सिस हे दोघे ओटोमध्ये मिसळले. पात्रं कमी झाली, गाठ घट्ट झाली. त्यात कार्लोटाचं काम करणारी हेर्टा फाइलर ही ऱ्यूमानची प्रत्यक्षातली पत्नी. १९३९ साली त्यांचं लग्न झालं होतं आणि जर्मन प्रेक्षकाला ते चांगलं ठाऊक होतं. पत्ते हरणाऱ्या मुलाची हळवी गोष्ट हातची गेली, याची मला चुटपुट आहे. पण बांधणी म्हणून हा निर्णय बरोबरच होता.

एक नियम मात्र तसाच ठेवावा लागतो, तो म्हणजे सोबतीच्या बाईचा. १९५६ साली कुणाला तो पटणार, असं आज वाटेल. तिथला कायदा पाहिला की शंका फिटते. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीच्या दंडविधानातलं १८० क्रमांकाचं कलम असं होतं की अविवाहित जोडप्याला आपल्या खोलीत रात्री एकत्र राहू देणारा घरमालकसुद्धा त्यात अडकू शकत असे. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायपीठाने साखरपुडा झालेल्यांनाही यातून वगळायला नकार दिला. हे कलम खऱ्या अर्थाने बदललं ते १९७३ साली. दुपारच्या जेवणावर कुणी खटला भरत नव्हतं हे खरं, पण मुलीने तरुणाच्या खोलीवर जाणं ही तिथे चेष्टेची बाब नव्हती, एवढं यावरून कळतं. फार्सचं रूपांतर करताना विनोद मागाहून आणता येतात. ज्या सामाजिक नियमाला पात्रं घाबरतात, त्या नियमाला नव्या देशातही लोक घाबरत असले पाहिजेत. नाहीतर पहिल्या दहा मिनिटांतच प्रेक्षक म्हणतो, सांगून टाका की खरं!

रंगमंचावरून पडद्यावर येतानाची अडचण वेगळीच. रंगमंचावर प्रेक्षकाला सगळं दालन एका नजरेत दिसतं. डाव्या दारामागे स्पेटिग्यू आहे, उजव्या दाराची कडी हलतेय, मधे मावशी विग सावरतेय. कुठे पाहायचं हे प्रेक्षक ठरवतो आणि आपण हेरलं याचा त्याला आनंद होतो. कॅमेरा मात्र एका वेळी एकच गोष्ट दाखवतो. हलणारी कडी जवळून दाखवली की प्रेक्षकाला ती स्वतः सापडलेली राहत नाही, दिग्दर्शकाने बोट धरून दाखवलेली होते.

हशाचंही तसंच. रंगमंचावरचा नट लाफ्टर येतो तेवढा वेळ थांबतो, चेहरा धरून ठेवतो आणि हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. पडद्यावरचा नट थांबू शकत नाही. किती वेळ मोकळा सोडायचा हे संकलनाच्या टेबलावर आधीच ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या मार्क्स बंधूंनी १९३५च्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'साठी सिनेमातले प्रवेश चित्रीकरणाआधी गावोगावच्या थिएटरांत करून हशा जोखला होता, तो याचसाठी.

तिसरी अडचण चेहऱ्याची. विसाव्या रांगेतून विग आणि टोपी बघितली की म्हातारी खपून जाते. क्लोजअपमध्ये हनुवटी दिसते. इथे दोन वाटा उरतात. एक, नटाने इतकं रंगवायचं की सगळंच अतर्क्य व्हावं. दुसरी ऱ्यूमानची. ऱ्यूमान हा मुळातच आवाज न चढवणारा, अर्धी वाक्यं तोंडातच ठेवणारा नट. साध्या, थोड्या बुजऱ्या माणसाच्या भूमिकांनी तो मोठा झालेला. मावशी करतानाही तो बाईची टिंगल करत नाही. शहाण्यासुरत्या, अब्रूदार बाईसारखं वागण्याचा तो मनापासून प्रयत्न करतो आणि मधूनच एखादी पुरुषी सवय त्याच्याही नकळत डोकं वर काढते. हशा त्या सवयीला येतो, बाईपणाला येत नाही. म्हणूनच हा सिनेमा आजही पाहताना डोळ्यांना खुपत नाही.

आपल्याकडे या गोष्टीला एक जास्तीची छटा आहे. मराठी रंगभूमीने बालगंधर्व पाहिलेले. ते शालू नेसून आले की समोर पुरुष आहे हे प्रेक्षकाने विसरायचं, आणि प्रेक्षक विसरतही असे. बायका त्यांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची नक्कल करत. फार्समधल्या मावशीचं काम याच्या बरोबर उलट. आत पुरुष आहे हे प्रेक्षकाला एक क्षणही विसरू द्यायचं नाही, आणि तरी रंगमंचावरच्या बाकीच्यांनी फसलेलं पटलं पाहिजे. स्त्रीपार्टी नटांची इतकी मोठी परंपरा डोळ्यांसमोर असलेल्या प्रेक्षकाला हा फरक समजावून सांगावा लागला नाही. ऐंशीच्या दशकात 'सुयोग'ने 'मोरूची मावशी' पुन्हा आणलं तेव्हा विजय चव्हाणांनी हे काम अंगाने केलं. उड्या, गिरक्या, 'टांग टिंग टिंगा'वरचा नाच, आणि सोबत प्रशांत दामले व प्रदीप पटवर्धन. ऱ्यूमान जिथे आवरून घेतो तिथे चव्हाण उधळून देतात. दोन्ही बरोबर, कारण एकाच्या समोर कॅमेरा आहे आणि दुसऱ्याला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं आहे.

जर्मन भाषेतली ही एकच मावशी नव्हे. १९३४ साली रोबर्ट श्टेमले यांनी पाउल केंपला घेऊन हाच सिनेमा केला होता. १९६३ साली ऑस्ट्रियात गेझा फॉन त्सिफ्रा यांनी गायक-नट पेटर अलेक्झांडरला मावशी केलं. गाणारा नट घेतला की गाणी येतात आणि गाणं सुरू झालं की दार लावून बसलेल्या माणसाची धास्ती विरते. फार्सला ती सुटका मानवत नाही. मूळ नाटकाचा दुसरा अंक बागेत होतो खरा, पण तीही कॉलेजची बंदिस्त बाग आहे, पळून जायला जागा नाही.

झगा घातलेल्या पुरुषाचा विनोद त्या काळच्या जर्मन सिनेमाला चांगलाच मानवला होता. १९५१च्या 'फानफारेन डेर लीबे'मध्ये दोन बेकार वादक बायकांच्या वाद्यवृंदात बायका बनून शिरतात. ही कल्पना मूळ फ्रेंच सिनेमाची. तिच्यावरूनच पुढे बिली वाइल्डर यांनी १९५९ साली 'सम लाइक इट हॉट' केला. हे वाइल्डर हिटलर सत्तेवर येईपर्यंत बर्लिनमध्येच पटकथा लिहीत होते.

फार्सची शेवटची कसोटी म्हणजे गाठ सोडवणं. गुंता कुणीही करू शकतं, पण सोडवताना योगायोगाचा आधार घेतला की प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. थॉमस यांनी हे कसं केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मुलींच्या लग्नाला स्पेटिग्यूची लेखी संमती हवी असते. खोटी मावशी लग्नाचं आमिष दाखवून त्याच्याकडून ते पत्र मिळवते. मग बॅब्जला सत्य सांगावंच लागतं आणि स्पेटिग्यू भडकतो: फसवून घेतलेली संमती मी मानत नाही, पत्र परत द्या. कायद्याने त्याचं म्हणणं बरोबर आहे. तेवढ्यात आतापर्यंत गप्प असलेली पाहुणी पुढे येते. पत्रावर नाव डोना लुसियाचं आहे, ते डोना लुसियालाच पोचलेलं आहे, आणि डोना लुसिया मी. पत्र तिच्या हातात राहतं. ज्या खोट्या नावाने दिवसभर गोंधळ घातला, ते नाव खऱ्या मालकिणीने उच्चारताच कागद खरा ठरतो. बाहेरून काहीही आणलं नाही, पहिल्या अंकात जे होतं तेच वापरलं.

ऱ्यूमानचा सिनेमा हाती लागला आणि जर्मन येत नसलं तरी अडत नाही, कथा तुम्हाला आधीच पाठ आहे. पहिल्यांदा झगा घालून खोलीत आल्यावर तो बसतो कसा, पाय कुठे ठेवतो आणि हात कुठे लपवतो तेवढं बघा. मग कार्लोटा समोर आल्यावर तोच माणूस तोच झगा घालून बसतो, तेव्हा काय बदललंय ते बघा.